शिसवी खुर्चीतले लाडू

आमच्या वडिलांना जुन्या फर्निचरचं वेड होतं आणि राहायला फणसवाडीतल्या चाळीत दोन खोल्या होत्या. या दोहोंपैकी एक गोष्ट जरी नसती, तरी आम्ही घरात सरळ चालायला शिकलो असतो.

साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा त्यांचं सामान मागे राहिलं. ते मलबार हिलच्या बंगल्यांतून चोरबाजारात आलं आणि चोरबाजारातून, वडिलांच्या कृपेने, आमच्याकडे. शुक्रवारी कचेरी सुटली की वडील थेट घरी येत नसत. जिन्यावर हमालाचा आवाज आला की आई कपाळाला हात लावून म्हणायची, "आलं! आता काय आलंय ते देवच जाणे."

एकदा हॅट अडकवायचा स्टँड आला. घरात हॅट कुणाकडेच नव्हती, त्यामुळे त्यावर छत्र्या, पंचे आणि आईची जपमाळ लटकत असे. मग संगमरवरी टेबल आलं. त्यावर आई पोळ्या लाटायची. मग माणसाहून उंच आरशाचं कपाट आलं, ते आतल्या खोलीच्या दारापुढेच मावलं. आत जायचं तर आधी स्वतःच्याच अंगावर चालून जायचं आणि ऐन वेळी डावीकडे वळायचं. नवखे पाहुणे आरशातल्या माणसाला वाट द्यायला थांबत. एक दूरचे मामा तर "तुम्ही या आधी" म्हणत बराच वेळ उभे होते.

आणि मग ती खुर्ची आली. काळीभोर शिसवी. हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं, पाठीवर कोरलेले द्राक्षांचे घोस, आणि गंमत म्हणजे बैठक पेटीच्या झाकणासारखी वर उघडायची. खाली खोल, गोल पोकळी. वडिलांनी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि निकाल दिला, "ही हायकोर्टाच्या गोऱ्या न्यायाधीशाची खुर्ची."

"आणि ही पोकळी कशाला?" आईने विचारलं.

"डोक्यावरचा केसांचा टोप ठेवायला. म्हणून तर गोल आहे!"

आता तुम्हाला सांगून टाकते. ती कमोडची खुर्ची होती. साहेबाच्या झोपायच्या खोलीत असायची तसली. आतलं चिनी मातीचं भांडं तेवढं कुठे तरी गहाळ झालं होतं.

तुम्ही हसाल, पण आम्हाला कळणार कसं? आमच्या चाळीत ती सोय गॅलरीच्या पार टोकाला. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आल्यावर पाय धुतल्याशिवाय आई उंबरा ओलांडू द्यायची नाही. जी गोष्ट घरापासून जितकी लांब तितकी बरी, तिच्यासाठी कुणी शिसवी लाकूड वापरेल, वर द्राक्षं कोरील आणि ती पलंगाशेजारी मांडील, हे आमच्या सात पिढ्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

आईचा एक पितळी डबा त्या पोकळीत असा चपखल बसला की जणू मापाने केलेला. त्या दिवसापासून घरातले लाडू तिथे राहू लागले. वर आईचा दंडक असा की, खरकट्या हाताने खुर्चीला शिवायचं नाही!

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या वाडीत दर आठवड्याला सभा. सभेला अध्यक्ष हवा, अध्यक्षाला खुर्ची हवी, आणि सिंहाची तोंडं असलेली खुर्ची साऱ्या गिरगावात आमच्याकडेच. मग चाळीतली पोरं ती दोरखंडाने गॅलरीतून खाली सोडत. वडील वरून ओरडत, "सिंहाला जपा रे!" त्या खुर्चीवर बसलेला वक्ता उठला की असा काही गर्जायचा, की वडील म्हणत, "लाकडाचा गुण आहे. त्यात बसलं की माणसाला जोर येतो."

याच खुर्चीमुळे मला तो भेटला. तो म्हणजे प्रभादेवीचा एक उंच, लाजरा स्वयंसेवक, घोषणा देऊन देऊन आवाज बसलेला. एका सभेनंतर खुर्ची जिन्याने वर आणताना वळणावर अडकली. खाली तो, वर मी, मध्ये सिंह. "जरा तुमच्याकडून उचला," तो बसक्या आवाजात म्हणाला. मी उचलली. मग पुढच्या प्रत्येक सभेनंतर ती खुर्ची त्याच वळणावर अडकू लागली. का ते आईला तेव्हा कळलं नाही, शेजारच्या काकूंना मात्र लगेच कळलं. काकू त्याच्या आईच्या लांबच्या नात्यातल्या निघाल्या आणि स्थळ आलं.

अडचण एकच होती, त्याचे वडील. ते एका लिलावघरात नोकरीला होते. दिवसभर वस्तू हातात घ्यायच्या आणि त्यांतली खोट शोधायची, हे त्यांचं काम. काकू म्हणाल्या, "मुलींच्या बाबतीतही त्यांचं तेच आहे हो. एकीचे दात, एकीची चाल. त्यांच्या तोंडून 'पसंत' निघालं की गंगेत घोडं न्हालं." मला दुसरं कुणी नको होतं. तोही मला जिन्यात गाठून म्हणाला, "बाबांना नुसतं नीट बसवा. एकदा आरामात बसले की ते मऊ होतात."

मी हे वडिलांना सांगितलं. तिथेच घोटाळा झाला.

रविवारी दुपारी मंडळी आली. वडिलांनी खुर्ची खोबरेल तेल लावून आरशासारखी केली होती. त्याचे वडील उंबऱ्यातून आत आले, खुर्चीकडे पाहिलं आणि पाय जागच्या जागी थांबले.

"या, बसा!" आमचे वडील म्हणाले.

"नको, मी इथे पाटावर बरा."

"छे, छे! व्याह्यांनी पाटावर बसायचं? ही मानाची खुर्ची आहे."

"मानाची?"

"अहो, मोठमोठे वक्ते बसून गेलेत हिच्यात. एकेक जण तासतासभर!"

"इथे घरात?"

"घरात कशाला? खाली वाडीत. भर सभेत, सगळ्यांच्या समोर! एकदा बसले की उठायला तयार नसत."

पाहुण्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांची बायको कोपराने ढोसत पुटपुटली, "अहो, बसा की. एवढे म्हणतायत ते." ते दात आवळून म्हणाले, "तू गप्प राहा." आमच्या वडिलांचं मन राखावं म्हणून शेवटी मुलगाच पुढे झाला, तर त्यांनी त्याला शर्टाच्या मागच्या टोकाला धरून मागे खेचलं.

आत आरशाच्या कपाटाआड आई माझ्या कानात म्हणाली, "झालं! आपल्या घरात बसायलाही तयार नाहीत. नकार आहे हा." बाहेर वडिलांनी मात्र हार मानली नव्हती. मी पोह्यांची बशी घेऊन गेले तेव्हा ते म्हणत होते, "बसू नका हवं तर, पण निदान कारागिरी तरी बघा!" आणि त्यांनी झोकात बैठक उघडली.

पाहुणे भिंतीला टेकले. वडिलांनी आत दोन्ही हात घातले, पितळी डबा बाहेर काढला आणि झाकण उघडलं.

"बेसनाचे. मुलीने स्वतः वळलेत."

मी लाडू त्यांच्यापुढे धरला. त्यांनी लाडवाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पोकळीकडे पाहिलं. मग मला हळूच विचारलं, "नेहमी यातच ठेवता?"

"हो," मी म्हणाले. "तिथे मुंग्या लागत नाहीत."

"मुंग्यांना कळतं, बाई," ते पुटपुटले.

मला काही उमगलं नाही. मी आपली हात लांब करून उभी. लाडू माझ्या बोटांत विरघळायला लागला होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा माझ्याकडे बघत होता, आणि तो असा काही काकुळतीला आला होता की मला आजही आठवलं तरी हसू येतं आणि लगेच गलबलतं. त्या लिलाववाल्या माणसाने एक मोठा श्वास घेतला, मनातल्या मनात बहुधा कुलदैवताला हाक मारली, आणि अख्खा लाडू एका घासात तोंडात टाकला.

ते चावत राहिले. आम्ही बघत राहिलो. हळूहळू त्यांच्या भुवया खाली आल्या. गिळून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला, "आणखी एक द्या."

दुसरा लाडू खाऊन ते म्हणाले, "मुलगी पसंत आहे." आणि मग घाईघाईने, "फक्त ती खुर्ची... ती तुमच्याकडेच राहू द्या. तिथेच शोभते."

मंडळी गेल्यावर वडिलांना भरून आलं. "पाहिलंस? जाणकार माणूस! जीव अडकला बिचाऱ्याचा खुर्चीत. बसला नाही, इतका आदर! मागायचा संकोच वाटला म्हणून नको म्हणाला." आणि त्यांनी त्याच क्षणी ठरवलं की खुर्ची मुलीबरोबर द्यायची.

महाराष्ट्र अजून व्हायचा होता, पण माझं लग्न झालं. हातगाडीवर फुलांच्या माळा घातलेले सिंह फणसवाडीतून निघाले आणि लालबागमार्गे प्रभादेवीला पोचले. वाटेत काही लोकांना वाटलं मोर्चा आहे, ते "झालाच पाहिजे!" म्हणत थोडं अंतर बरोबरही आले. सासरे दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मला करता येणार नाही.

चार दिवसांनी मी त्यांचं सोवळ्याचं धोतर घडी करून त्या पोकळीत ठेवायला गेले, तेव्हा ते ओरडले, "सूनबाई, थांब!" आणि खोलीत येरझाऱ्या घालत, एकदाही माझ्याकडे न बघता, त्यांनी सगळं सांगितलं. मी जमिनीवर बसले आणि पदर तोंडात कोंबून हसले. नवराही हसला, सासूबाई हसल्या. सासरे मात्र गंभीर. "तुझ्या वडिलांना यातलं एक अक्षर कळता कामा नये," ते म्हणाले. "त्यांनी जीव लावलाय त्या लाकडाला."

आणि कळलं नाहीच. दिवाळीला वडील आमच्याकडे आले. जिना चढून धापा टाकत ते पहिल्यांदा खुर्चीपाशी गेले, सिंहांवर हात फिरवला आणि सासऱ्यांना म्हणाले, "काय हो, आता तरी बसता ना?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे. मग त्यांनी धोतराचा सोगा सावरला, दोन्ही हात सिंहांच्या डोक्यांवर ठेवले आणि सावकाश, हायकोर्टाच्या न्यायाधीशाला शोभेल अशा दिमाखात, ते त्या खुर्चीवर बसले.

वडील दोन पावलं मागे सरले, मान तिरपी करून डोळे भरून बघत राहिले. "वा!" ते म्हणाले. "जणू तुमच्यासाठीच घडवलीय!"

"सूनबाई," सासरे खुर्चीतून म्हणाले, "लाडू आण. फडताळातले."