माहेरचा भुईचाफा

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, जिवती गावाला गेले, तेव्हा परत निघताना मायनं दारासमोरच्या भुईचाफ्याचे मूठभर कंद उकरले आणि ओल्या फडक्यात बांधून माझ्या पिशवीत टाकले. "लाव तिकडं. फुलाले लय वेळ लावते हा, पन दम धरला तर फुलते," म्हणाली.

मुलचेऱ्याजवळच्या सासरच्या घरात आम्ही तिघंच. नवरा दिवसभर धानाच्या बांधीत, घरी मी आणि सासूबाई. त्या वाईट नव्हत्या, पण बोलणंच फार कमी. जेव म्हणायच्या, झोप म्हणायच्या, तेवढंच. कंद मी न्हाणीजवळ लावले. पावसाळ्यात लांबट पानं वर आली, वरून हिरवी, पोटाला जांभळी. रोज तोंड धुताना ती दिसली की बरं वाटायचं.

धान कापणीला आलं तशी पानं पिवळी पडली, मग वाळून गेली. भुईचाफा हिवाळ्यात असाच निजतो, हे मला ठाऊक होतं. तरी एका सकाळी त्या मोकळ्या मातीकडे बघून रडू फुटलं. त्या अंगणात तेवढंच एक माझं होतं, म्हणून असेल. सासूबाईंनी पाहिलं.

उन्हाळा सरत आला तरी मातीतून काही वर येईना. उकरून बघितलं तर कंद सडलेले, हाताला नुसता गाळ. मागे सासूबाई उभ्या होत्या.

"मी पानी देत होती वं," त्या हळूच म्हणाल्या. "तू कपडे धुवाले गेली का रोज एक गडवा टाकत होती. झाड वाळलं म्हनून रडली ना तू? मले वाटलं, जगंन."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. हिवाळाभर कुणीतरी माझ्यासाठी, मला न सांगता, पाणी घालत होतं.

"आई, तो झोपला होता. हिवाळ्यात त्याला पाणी नको असतं."

"मंग सांगाचं नाई काय?"

"तुम्ही विचारलंच नाही."

क्षणभर आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनाही हसू आलं.

गाळात दोन टणक तुकडे सापडले. सडका भाग कापून त्यांना राख लावली. नवी जागा सासूबाईंनीच शोधली, पेरूच्या झाडाखाली. तिथं सकाळचं ऊन येतं, दुपारी सावली असते आणि पाणी साचत नाही. त्यांनी मातीत वाळू आणि जुनं शेणखत मिसळलं, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून बांबूच्या कमच्या रोवल्या.

त्या पावसाळ्यात जेमतेम दोन पानं आली. पुढचा उन्हाळा फुलाविनाच गेला, मग पावसाळ्यात पानं थोडी वाढली. हिवाळ्यात नवऱ्यानं हात धुवून पाणी तिकडे फेकलं, तर सासूबाई ओरडल्या, "तिकडं नोको फेकू! झोपला हाये तो."

आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांची हाक आली, "अवं, ये वं लवकर!"

तडकलेल्या मातीतून, पान नाही की दांडा नाही, सरळ फूल उमललं होतं. पांढरं, मध्ये जांभळं. गुडघे दुखत असूनही सासूबाई जमिनीवर बसल्या आणि वाकून वास घेतला.

"तोडू का तुमच्यासाठी?"

"नोको. एका दिवसाचाच तर हाये बिचारा."

मी मायला व्हिडिओ कॉल लावला. एरवी सासूबाई 'बरे हाये ना?' एवढंच विचारून फोन माझ्याकडे द्यायच्या. आज त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि फुलासमोर धरला.

"पाहा विहीनबाई! पयले मीच पानी घालून घालून मारला होता याले."

"मीबी पयल्या खेपेले तसंच केलतं," माय पलीकडून हसत म्हणाली.

मी चहा मांडायला आत गेले. परत आले तर दोघींचं चालूच होतं. गुडघे झाले, मोहफुलं झाली, आणि मग मायनं विचारलं, "पोरगी जेवते ना वं नीट?"

"जेवते. पन मी बसल्याबिगर बसत नाई," सासूबाई म्हणाल्या.

कप हातात घेऊन मी दारातच थांबले. त्यांचं बोलणं मोडायला नको वाटलं.