जेवून न उठणारी नलूताई

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळीला लॅबमध्ये उभ्याउभ्याच डबा खात होते. तिचे यजमान, आमचे भावोजी, एवढंच म्हणाले, "माधवी, नलू गेली गं." चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. नात्याची नसूनही, उभ्याने खाते म्हणून जिने मला बारा वर्षं मोठ्या बहिणीसारखे बोल लावले, ती नेमकी मी उभी असताना जावी, याचा मला अजून राग येतो.

मस्कतला मदिनत सुलतान काबूस वस्तीत राहायला येण्याआधी ती ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाहच्या शाळेत हिंदी शिकवायची. तिथे शेजारी बंदरावरच्या एका स्पॅनिश इंजिनिअरचं कुटुंब होतं. त्यांच्याकडून तिने एकच शब्द उचलला, सोब्रेमेसा. जेवण संपल्यावर कुणीही न उठता, त्याच टेबलाशी, उष्ट्या ताटांसमोर गप्पा मारत बसणं म्हणजे सोब्रेमेसा. मुळात अर्थ नुसता 'टेबलावर'. तिकडे टेबलावरच्या कॉम्प्युटरलाही हाच शब्द लावतात, हे सांगताना तिला फार हसू यायचं. मग एकदम चिडायची. "आपल्याकडे बघ! जेवून चालायला शतपावली, लोळायला वामकुक्षी. बसायला शब्दच नाही?" मी म्हटलं, "ताई, आपण त्याला हात वाळवत बसणं म्हणतो, आणि त्यावरून आईच्या शिव्या खातो." ती इतकी खूश झाली की त्या शुक्रवारपासून तिच्या घरी नियमच झाला. हात वाळल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

शुक्रवार आमच्या सुट्टीचा. किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याहून कुणी ना कुणी ताजी सुरमई आणायचं, नलूताई कालवण करायची, आणि मग ती आम्हाला धरून ठेवायची. सलालाहचे नारळ, शाळेतली भांडणं, तिच्या आईची दुखणी... सगळं ताटं रिकामी झाल्यावरच निघायचं. सर्वांत मोठी गुन्हेगार मी. "यल्ला, निघते," म्हणत घड्याळ बघायचे. माझ्या खालोखाल भावोजी. शेवटचा घास तोंडात असतानाच ते ताट घेऊन मोरीकडे वळायचे. ती त्यांची बाही धरायची. "बसा हो. भांडी पळून जात नाहीत."

तेराव्यानंतरच्या शुक्रवारी मी कालवण घेऊन गेले. भावोजी पाच मिनिटांत जेवले आणि उठले. नळ सोडून उभे राहिले. दोनच तर ताटं, पण पाऊण तास घासत होते. पुढच्या शुक्रवारीही तेच. मग म्हणाले, "टेबल देऊन टाकतो कुणाला तरी. मी पुण्याला जाईन म्हणतो." माझं डोकंच फिरलं. "पुण्याला खुशाल जा, पण मी येते तोवर टेबलाला हात लावायचा नाही," मी म्हटलं. त्यांच्या घरात मी असं बोलायला नको होतं. पण त्यांना एकदा तरी तिथे बसवल्याशिवाय मी सोडणार नव्हते. तिसऱ्या आणि चौथ्या शुक्रवारी ते आत नळाशी, आणि मी बाहेर एकटी, हात वाळवत. घड्याळ मी पर्समध्ये टाकलं होतं.

पाचव्या शुक्रवारी नळ लवकर बंद झाला. ते ओल्या हातांनी बाहेर आले आणि समोर बसले.

"शेवटच्या दुपारी तिने दवाखान्यातलं ताट नेऊ दिलं नाही," ते म्हणाले. "रिकामं होतं. नर्सला म्हणाली, आमचं जेवण चाललंय अजून. मला कळत होतं माधवी, ती मला बसवून घेतेय. मी म्हटलं, खलास, पुरे आता, पड जरा, सकाळी येतो. आणि उठलो..."

तुमचा काही दोष नाही, असं मला म्हणता आलं असतं. पण ते म्हणजे विषय उरकून उठणंच झालं असतं. मला रडू आलं ते मी येऊ दिलं. बोटांवरचं कालवण वाळून कडक झालं होतं. बाहेर दुपारची अजान झाली. ती संपल्यावर ते सलालाहच्या पहिल्या घराबद्दल बोलू लागले, नलूताईने सांगितलेल्यापेक्षा अगदी वेगळं.

मध्येच थांबून म्हणाले, "चहा टाकू का?" खुर्ची मागे सरकवून अर्धे उठलेही.

मग माझ्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा बसले.

"राहू दे," म्हणाले. "थोड्या वेळाने."