ओल्या झेंडूचा हार

ओल्या झेंडूचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. परवा एका सत्कारात तो आला आणि मला पुन्हा ती साडी आठवली.

मॅट्रिक होऊन कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना नागपूरचा आमचा विणकर समाज शिष्यवृत्ती देत असे. त्या वर्षी माझा नंबर लागला आणि कार्यकर्त्यांनी फर्मान काढलं, मुलींनी हातमागाची साडी नेसूनच यावं. आता आमच्या घरी दिवसभर माग खडखडायचा, पण पेटीत हातमागाची एक साडी असेल तर शपथ! विणलेलं सगळं सूत पुरवणाऱ्या शेठकडे जाई आणि आई मिलचं पातळ नेसे. शेवटी बाबांनी नुकतीच मागावरून उतरलेली साडी मला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेठच्या दुकानात पोचवायची होती.

स्टेजवर माझं नाव पुकारलं. पाहुण्यांनी पाणी ठिबकणारा हार पुढे केला, तोच समोरून बाबा ओरडले, "हार हातात घे वं! डाग पडन!"

सगळा हॉल हसला. फोटो निघाला, टाळ्या वाजल्या, पण बाबांची नजर पदरावरून हलेना.

घरी जाताना मी फणफणले, "पोरगी स्टेजवर अन् तुम्ही साडीच पाहून राहिले?"

"पाहून राहिलो ना वं," बाबा म्हणाले. "माह्या हातची साडी अंगावर कशी दिसते, हे आजच पाह्यलं."

राग मला अजूनही येतो. बाबांवर मात्र येत नाही.