दह्याशिवाय पालक

एका मूत्रपिंडाचा एवढा थाट ठेवणारा माणूस अख्ख्या धाराशिवात दुसरा नसेल. आमच्या गल्लीतल्या टेलर चाचांनी आपलं एक मूत्रपिंड धाकट्या बहिणीला दिलं, त्याला बरीच वर्षं झाली. "एक माझ्यापाशी, दुसरं ईट गावाला नांदतंय," असं ते नव्या गिऱ्हाइकालाही माप घेता घेता सांगतात. उरलेल्यात खडा होऊ नये, एवढ्याचसाठी त्यांचा दिवस उगवतो. प्यालेल्या प्रत्येक तांब्यामागे हाताशी असेल त्या कापडावर ते खडूनं एक रेघ ओढतात. माझी पँट एकदा मांडीवर सात रेघा घेऊन परत आली. "चाचा, ही कसली फॅशन?" "फॅशन न्हाय सर, मंगळवारचं पाणी हाय ते. झटकलं की जाईल." ते गेलं नाही. तीच पँट घालून मी एका सत्कार समारंभाचा अध्यक्ष झालो. रेघांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण माझ्या भाषणाकडेही गेलं नव्हतं.

पालक हा चाचांचा जीव की प्राण. त्यात खड्याला लागणारं ऑक्झलेट भरपूर असतं, हे त्यांना डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे ते तो क्वचित आणि थोडा खातात, आणि दह्याशिवाय तर कधीच नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी पालकाची भाजी घेऊन आला की हात आडवा करून त्याला थांबवणार, पिशवीतून दह्याचा डबा काढणार, ताटात दही ओतणार आणि मग म्हणणार, "हां, आता येऊ द्या."

मला हे बघवेना. मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आहे. त्यामुळे वैद्यकशास्त्रावर बोलताना मला कधीच अडचण आली नाही. "चाचा, खडा कशाचा असतो? कॅल्शियमचा. दह्यात काय असतं? कॅल्शियमच. म्हणजे तुम्ही पोटात चुना भरताय!" चाचांनी कात्री खाली ठेवून सगळं ऐकलं. "तुम्ही शिकल्यालं माणूस, सर. सोडतो दही." त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

बोले तैसा चाले म्हणून मीही दूध-दही बंद केलं. शिवाय प्रकृतीसाठी रोज सकाळी पेलाभर पालकाचा रस आणि दिवसभर कोरा चहा. वर्षाच्या आत कमरेतून अशी कळ आली, की मी इतिहासजमा होतो की काय असं वाटलं.

"दही कुणी बंद करायला सांगितलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मीच."

"आणि पालकाचा रस?"

"तोही मीच."

त्यांनी शांतपणे समजावलं. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि बाहेर काढतं. धरणारं कुणी नसलं की ते रक्तात शिरतं, मूत्रपिंडात पोचतं आणि तिथं कॅल्शियमशी जमवून खडा होऊन बसतं. त्या पुढं पाण्याबद्दल काही सांगत होत्या, पण मला ऐकू येईना. माझ्याकडे दोन होती. चाचांकडे एकच, आणि त्यांना दही मी सोडायला लावलं होतं.

कंबर धरून रिक्षानं थेट दुकान गाठलं. "चाचा, माझं चुकलं. दही खा. आजपासून, आत्तापासून खा!"

चाचांनी मशीन थांबवलं. "रागवू नका सर, म्या सोडलंच न्हवतं."

"आणि तो डबा? पंगतीत दिसायचा बंद झाला तो?"

"तुमच्यासमोर काढत न्हवतो. तुम्ही एवढं जीव तोडून सांगितलं. आन् खरं बोलू का? न्हाय म्हणलो असतो तर तुम्ही अजून दोन तास बसला असता."

आयुष्यात माझा इतका अपमान आणि मला इतका आनंद एकदम कधी झाला नव्हता.

तेवढ्यात ईटहून बहिणीचा फोन आला. "पानी पी क्या?" चाचांनी विचारलं. "और एक गिलास पी. पी, मैं रुकता." आणि फोन कानाला लावून, डोळे मिटून ते खरंच थांबले. ऑक्झलेटबद्दल आता माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. पण तिकडे ती पाणी पीत होती आणि इकडे हा माणूस तिचा एकेक घोट ऐकत होता.