आंदण आलेली कोंबडी

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आले, तेव्हा निघताना आईने मला एक कोंबडी दिली. तांबडी, पिवळ्याधमक पायांची. पाय बांधून पिशवीत घातली, तोंड तेवढं बाहेर ठेवलं. लोक लेकीला आंदण म्हणून गाय देतात, तांब्यापितळेची भांडी देतात. माझ्या आईकडे द्यायला हीच होती, आणि तिच्या खुराड्यातली ती सगळ्यात गुणी होती. एस.टी.त ती अशी काही ओरडत राहिली की सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. मी पदर पुढे ओढून बसले. तेव्हाही लाजच वाटली होती, पण ती अगदीच पोरकट.

सासर पाथर्डीच्या बाजूला. गावापासून लांब, रानात एकट्याची वस्ती. बाहत्तरच्या दुष्काळाने घरातलं धान्य संपवलं होतं, रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी कोंबडी हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाल्या, "मानसाला दाना न्हाई, हिला कुठनं घालू? पिल्लं काढली तर ऱ्हाईल. न्हाई काढली तर आखाडात रस्सा." आमच्याकडे आखाडात घरोघर कोंबडी कापतात, तेव्हा यात दुष्टपणा काही नव्हता. मी मान हलवली. मनात म्हटलं, बघाच तुम्ही, अंगण भरून पिल्लं काढील माझी कोंबडी.

चैत्रात गावची जत्रा झाली. नणंद आणि जावई आले. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून दारातला कोंबडा कापला. पुढे जेठात माझी कोंबडी खुडूक झाली. अंगाचा गोळा करून, पिसं फुलवून बसायला लागली. तिला अंड्यांवर बसवायचं, म्हणजे रवणाला बसवायचं, ते काम आत्याबाईंचं. त्यांनी पाटीत भुस्सा घातला, तिची आणि घरच्या दोन कोंबड्यांची जमवलेली अंडी मांडली, गडगडाटाने नासू नयेत म्हणून मध्ये कोळसा आणि खिळा ठेवला. पाटी पडवीच्या कोपऱ्यात ठेवली. आत नको, पिसवा होतात म्हणाल्या. कोंबडी दिवसातून एकदा उठायची, घाईघाईने दोन दाणे टिपून परत जाऊन बसायची. वाळून नुसता सांगाडा झाला तिचा.

मधेच माझी अडचण आली. तेव्हा बाईने बाहेर बसायचं म्हणजे पडवीतच बसायचं. एका कोपऱ्यात कोंबडी, दुसऱ्या कोपऱ्यात मी. दोघींनाही कुणी शिवत नव्हतं. मी तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, माहेरच्या गोष्टी. दुसरं कोण होतं बोलायला?

दिवस भरत आले तसं आत्याबाईंनी घमेल्यात कोमट पाणी घेऊन अंडी त्यात सोडली. आत जीव असला की अंडं डुलतं. आम्ही दोघी वाकून बघत होतो. एकही हललं नाही. त्यांनी एक फोडलं. आत नुसतं नासलेलं पाणी, आणि असा वास की कोंबडीसुद्धा मागे सरली.

सासरे बाजेवर बसले होते. नवरा बैलांपाशी होता. आत्याबाईंनी आवाज खाली आणायची तसदी घेतली नाही.

"तू भायेर हुतीस तवा पाटीला हात लावला व्हता का?"

"न्हाई, आत्याबाई."

"मंग पदर लागला आसंल. सावली पडली आसंल. चांगली मोप अंडी काय उगंच नासत्यात व्हय?"

सासऱ्यांनी घसा खाकरला आणि तोंड फिरवलं. ज्या गोष्टीचा घरात पुरुषांपुढे कधी उच्चार नसायचा, ती माझी गोष्ट अंगणभर झाली होती. मी पाय बघत होते. कानशिलं तापली होती. हे बोलणं थांबावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी काहीही कबूल केलं असतं, आणि केलंच.

"लागला आसंल पदर," मी म्हणाले.

लागला नव्हता. मी जीव मुठीत धरून त्या पाटीपासून दूर राहिले होते. पण मी असं म्हणाले, आणि विषय मिटला. सासरे उठून रानात गेले. कोंबडी रिकाम्या पाटीत जाऊन पुन्हा बसली.

आखाडात नवऱ्याने ती कापली. मसाला मी वाटला. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हेही सांगूनच टाकते. पुरुषमंडळी जेवायला बसली. सासरे हाड चोखत सहज म्हणाले, "जत्रंच्या कोंबड्यापरीस ही बरी. त्यो लई निबर हुता." आणखी एक घास घेतला. मग म्हणाले, "त्याच्यामागं दुसरा कोंबडा आनलाच न्हाई की आपन."

आत्याबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"कोंबडा न्हाई, तर अंडी फळनार कशी?" ते ताटाकडे बघत म्हणाले. जन्म कोंबड्यांत गेलेली ती माणसं, आणि मीही त्यातलीच. पण माझा विटाळ समोर असताना दुसरं कारण शोधायची कुणाला गरज वाटली नव्हती. मलासुद्धा नाही.

पुरुष उठल्यावर आम्ही दोघी बसलो. आमच्या घरी काळीज नेहमी सासऱ्यांच्या ताटात जायचं. त्या दिवशी आत्याबाईंनी ते मागे ठेवलं होतं. त्यांनी ते माझ्या ताटात घातलं.

"खा," म्हणाल्या.

मी खाल्लं. माझ्यासोबत पडवीत बसलेल्या, माझ्या खोट्या शब्दापायी गेलेल्या कोंबडीचं काळीज मी खाल्लं, आणि मला ते फार गोड लागलं. मिलोच्या भाकरीने वर रस्साही पुसून घेतला. सासूने मान दिला म्हणून आतून सुखावलेही. मला स्वतःची शिसारी येते ती इथे.

श्रावणात पंचमीला माहेरी गेले. आईने पाणी दिलं आणि पहिलं विचारलं, "पिल्लं किती निघाली गं?"

"घारीनं नेली," मी म्हणाले. "कोंबडी पन मेली."

आईने माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि म्हणाली, "आसू दे. जाताना दुसरी नेशील."

"कोंबडी नको," मी म्हणाले. "कोंबडा दे."

"कोंबडी न्हाई, आन् नुसता कोंबडा काय करनार येडे?" आई हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी हसायचा प्रयत्न केला, पण तोंड वर करून तिच्याकडे बघता आलं नाही.