कावून येईना

भावाचे दात त्याच्याच घशात घालायचे, म्हणून मी माझ्या वहीतला शब्दशोध दुरुस्त करायला बसले. ही वही कॉम्प्युटरवरची आहे. माझी एकटीची विकी, रोजचं एक पान, एका पानावरून दुसऱ्यावर जायची सोय. मी माजलगावला शाळेत मराठी शिकवते. आई तलवाड्याला चुलतीजवळ अंथरुणाला खिळली होती, त्या दोन वर्षांत मी रोज चुलतीला फोन करायचे आणि ती सांगेल ते विकीत टाइप करायचे.

आईच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस असताना भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई महं नाव बी काढत नव्हती. तू उगं भावकीत मह्या नावानं बोंबलत हिंडू नको."

दोन वर्षांत चारदा तोंड दाखवलेला माणूस. बाकी सगळा वेळ उंटावरून शेळ्या हाकल्या. मला पक्कं आठवत होतं, आई दाराकडं बघून 'कावून येईना' म्हणते, का येत नाही म्हणते, हे चुलती मला कितीदा तरी सांगायची. ते तारखेनिशी त्याच्या तोंडावर फेकायचं, तेही भावकीदेखत, असं मी ठरवलं.

पण विकीचा शोध महामूर्ख. 'कावून येईना' टाकलं तर त्यानं दोन्ही शब्द सुटे केले, वर काना-मात्राही तोडल्या आणि सापडतील तिथली अक्षरं गोळा करत जवळजवळ सगळी वहीच माझ्यापुढं ओतली. मी सेटिंगं उचकली. अवतरणचिन्हातला मजकूर एकसंध धरायची सोय होती, पण बंद होती. ती चालू केली. शब्द कुठं तोडायचा, तो नियम बदलून मात्रा अक्षराला चिकटवून ठेवली आणि सगळ्या पानांची सूची नव्यानं बनवली. मदतीचं पान लिहिणाऱ्यानं मराठी बापजन्मात पाहिली नसावी. त्याला शिव्या घालण्यात रविवारची अख्खी दुपार गेली. शेवटी "पाठ दुखते" टाकून पाहिलं, तर नेमकी तेवढीच पानं आली.

मग "कावून येईना" टाकलं. शून्य.

सूची पुन्हा बनवली. पुन्हा शून्य. मग डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचीच चीड आली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोरांच्या वह्यांतलं 'हाय' खोडून 'आहे' करायचा हात माझा. आईचं बोलणंही मी शुद्ध करूनच लिहिलं होतं. मी "का येत नाही" टाकलं आणि अकरा पानं आली. प्रत्येक पानावर तारीख आणि खाली एकच ओळ: 'आईने विचारले, तो का येत नाही?'

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आई जाऊन वर्ष व्हायला आलं होतं आणि मला आनंद झाला. पानांचे फोटो काढले. पण आईची बोली मी बदलली, यावर भाऊ नाटकं करणार, म्हणून साक्षीदार हाताशी असावा असं वाटलं. मी चुलतीला फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली.

चुलती म्हणाली, "तो? तो कुठून आणला तू? ती निस्तं 'कावून येईना' म्हनायची."

"म्हणजे दादाच ना?"

"न्हाई माय. त्याचं तिनं कवाच सोडून दिलतं. ल्योक लांब हाय, त्याला सुट्टी न्हाई, असं म्हनायची. तुहा घोर व्हता तिला. तू तासाभराच्या वाटंवर. रोज फोन करायचीस, पन यायची न्हाईस."

तुम्ही मला सरळ का सांगितलं नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"दर खेपी सांगत व्हते की. तू म्हनायचीस, हां, लिहून घेतलं."

फोटो मी पुसून टाकले. अकरा पानांवरचा 'तो' खोडला. तिथं 'ती' लिहायला अजून हात धजत नाही. भावाशी मात्र मी आजही बोलत नाही.