टाचणी लावलेले पेपर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. बायकोलाही अर्धीच सांगितली होती, आणि तीही माझ्या सोयीची. दीड महिन्यापूर्वी साताऱ्याहून फोन आला. "सर, मी मनीषा, सुनंदा जाधवांची मुलगी. आई गेली..." झोपेतच गेली म्हणाली. त्रास झाला नाही हे बरं, असं काहीबाही मी बोललो. मग ती आणखी एक वाक्य बोलली. ते नंतर सांगतो, कारण आधीचं सांगितल्याशिवाय ते मला का लागलं हे कळणार नाही.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गुडगावात मोहरीच्या शेतांतून कॉलन्या उठत होत्या आणि प्रत्येक कॉलनीला आपली इंग्रजी शाळा हवी होती. अशाच एका शाळेत मी उपमुख्याध्यापक होतो आणि जाधवबाई दहावीला गणित शिकवायच्या. यजमान फौजेत सुभेदार, बिऱ्हाड दिल्ली कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये. तिथून दोन बस बदलून यायच्या. शाळेत मराठी आम्ही दोघंच. मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न मागता माझ्या टेबलावर यायची.

दर एप्रिलला नववीच्या मार्कांवरून दहावीच्या तुकड्या मी पाडायचो. हुशार मुलं ए सेक्शनला. उरलेली, म्हणजे आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांची, जमिनी विकलेल्या गावकऱ्यांची, एकदा-दोनदा नापास झालेली, ती डीला. आणि डी जाधवबाईंना. "तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही, बाई," असं मी दरवर्षी म्हणायचो, आणि ते खरंच होतं. "द्या," त्या म्हणायच्या, "पण पहिल्या दिवशी माझा पेपर होणार." साध्या अपूर्णांकांपासून समीकरणांपर्यंत बारा गणितं. त्याचे मार्क त्या कुणालाच सांगायच्या नाहीत. फेब्रुवारीत तोच पेपर पुन्हा घ्यायच्या, दोन्ही टाचणीने जोडायच्या आणि त्या-त्या मुलापुढे ठेवायच्या... बघ म्हणायच्या, एवढंच. स्टाफरूममध्ये याला 'जाधव मॅडम की रिपेअरिंग की दुकान' म्हणत. "दुकान है, पर गारंटी नहीं देती," त्या डबा उघडता उघडता म्हणायच्या.

सतबीर नावाच्या मुलाच्या पहिल्या पेपरवर नाव होतं आणि एक ट्रॅक्टर. दुसऱ्यावर सात गणितं बरोबर, पायऱ्यांसकट. बोर्डात तो काठावर पास झाला. पण बाईंची सरासरी खाली ओढणाऱ्यांत तोही होताच.

संस्थेचे मालक बिल्डर होते. माणूस वाईट नव्हता. कोणता मास्तर चांगला शिकवतो हे पालकांना कळलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. "वाइस प्रिंसिपल साहब, फॅक्टरी में हर लाइन का माल गिनते हैं. यहाँ क्यों नहीं?" त्यांनी विचारलं, आणि तक्ता मी केला. शिक्षकाचं नाव, पुढे बोर्डातली सरासरी. जाधवबाई सगळ्यांत खाली. मुलं कुठून निघाली होती याचा रकाना तक्त्यात नव्हता, आणि ती त्यांच्या वर्गात कुणी बसवली हे फक्त मला माहीत होतं.

तो तक्ता मालकांपुढे ठेवायच्या बैठकीच्या सकाळी बाई तीन वर्षांच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आल्या. "सर, हे आत दाखवा. आणि मुलं कुणी वाटली तेवढं सांगा. बाकी मी काही मागत नाही."

"सांगतो ना," मी म्हणालो.

गठ्ठा खणात ठेवला आणि तक्ता घेऊन आत गेलो. मुख्याध्यापक त्या वर्षी निवृत्त होणार होते, ती खुर्ची मला दिसत होती. गठ्ठा टेबलावर ठेवला असता तर माझाच तक्ता खोटा पडला असता. मालकांनी विचारलं, इनका क्या करें? कुणी काही बोलण्याआधी मीच सुचवलं, लहान वर्ग देऊन बघू. ती सूचना माझी होती, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. दाखवलेत का, एवढंच त्यांनी विचारलं. "त्यांचं आधीच ठरलेलं होतं, बाई," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. वर्षभर तिसरीला पाढे शिकवले आणि शाळा सोडली. तोवर मी मुख्याध्यापक झालो होतो. गठ्ठा त्यांनी परत मागितला नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी दिल्लीतल्या एका गणेशोत्सवात भेटल्या. प्रसादाच्या टेबलापाशी वाढत होत्या. माझ्या द्रोणात जास्तीचा शिरा घालत म्हणाल्या, "सर, बीपीच्या गोळ्या घेता ना वेळेवर?" वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मागे रांग होती, त्यांच्या हातात डाव होता... मी 'घेतो, घेतो' म्हणालो आणि पुढे सरकलो.

मनीषाचं ते वाक्य असं होतं: "आई नेहमी सांगायची, त्या मीटिंगमध्ये तिच्या बाजूने एकटे सर बोलले, पण त्यांचं काही चाललं नाही." आणि मी फोनवर म्हणालो, "फार मोठ्या मनाची होती तुझी आई."

गठ्ठा आत्ता माझ्यासमोर आहे. घरं बदलली, तो बरोबर येत राहिला. टाचण्या गंजल्यात, कागदांवर त्यांचे तांबूस डाग पडलेत. सतबीरचा ट्रॅक्टर मात्र अजून स्पष्ट दिसतो. द्रोण हातात धरून त्या दिवशी जे बोलायचं राहिलं, ते एवढंच होतं: बाई, हा गठ्ठा मी आत नेलाच नाही. मला माफ करा.